पोलीस हुतात्म्यांचे स्मरण : मुंबईकर वारंवार विचारतात ते प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की शाळांमधून, गृहनिर्माण संस्थांमधून आणि उत्सव मंडळांकडून पोलीस हुतात्म्यांविषयी तेच तेच प्रश्न येऊ लागतात. कुठे जायचे, कोणाचे नाव घ्यायचे, कुटुंबीयांना बोलावणे योग्य ठरेल का, तिरंगा वापरता येतो का, असे त्यांचे स्वरूप असते. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा येऊ नये म्हणून आवश्यक तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पोलीस स्मृतिदिन २१ ऑक्टोबरलाच का पाळतात?

या तारखेचा संबंध लडाखशी आहे. १९५९ सालच्या शरद ऋतूपर्यंत तिबेटलगतच्या सीमेची राखण पोलीस दलाकडे होती. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची स्थापना त्यानंतर, म्हणजे १९६२ साली झाली. २० ऑक्टोबर १९५९ रोजी ईशान्य लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथील ठाण्यावरून टेहळणीसाठी तीन तुकड्या बाहेर पडल्या. त्यांपैकी दोन दुपारपर्यंत परतल्या, मात्र दोन शिपाई आणि एक हमाल असलेली तिसरी तुकडी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यावर जे कोणी हाताशी होते त्या सर्वांना घेऊन शोध सुरू झाला. करमसिंग हे अधिकारी सुमारे वीस जणांसह घोड्यांवरून पुढे गेले आणि उरलेले पायी निघाले. दुपारच्या सुमारास टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला व हातबॉम्ब फेकले. उघड्या जागी सापडलेल्या या पोलिसांपैकी दहा जण मारले गेले आणि काही जखमी अवस्थेत पकडले गेले. मृतदेह भारताच्या हाती आले ते तब्बल तीन आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या मध्यास. त्यांच्यावर हॉट स्प्रिंग्ज येथेच पोलीस इतमामात अंत्यसंस्कार झाले.

जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या वार्षिक परिषदेत २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पाळण्याचे ठरले. हॉट स्प्रिंग्ज येथे स्मारक उभारण्यात आले असून देशातील निरनिराळ्या पोलीस दलांचे एक पथक दरवर्षी तेथे जाऊन अभिवादन करते. हे पोलीस हरवलेल्या सहकाऱ्यांना शोधायला निघाले होते, हा तपशील भाषणांत सहसा गळतो. तो आवर्जून सांगावा असे आमचे मत आहे.

२. मुंबईत हा दिवस कुठे पाळला जातो आणि तेथे नेमके काय होते?

मुख्य कार्यक्रम नायगाव येथील पोलीस मुख्यालयाच्या हुतात्मा मैदानावर सकाळी होतो. देशभरात मागील १ सप्टेंबरपासून चालू वर्षाच्या ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलीस अधिकारी व अंमलदारांची नावे तेथे वाचली जातात. त्यात महाराष्ट्राबरोबर इतर राज्यांची आणि केंद्रीय दलांचीही नावे असतात. त्यानंतर पुष्पचक्र वाहिले जाते, ‘शोकशस्त्र’ या आदेशावर बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे झुकतात, जवानांच्या माना खाली जातात आणि बिगुलावर शोकधून वाजते. हवेत फैरी झाडून मानवंदना देण्याचाही प्रघात आहे.

सोहळा लांबतो तो नावांच्या वाचनामुळे, आणि या दिवसाचा खरा गाभाही तोच आहे. एखाद्या राज्यातील कोपऱ्यातल्या ठाण्याचा शिपाई आणि वरिष्ठ अधिकारी एकाच यादीत, एकाच आवाजात वाचले जातात. इतर दिवशी असे क्वचितच घडते.

३. सामान्य नागरिकाला नायगावच्या कार्यक्रमाला जाता येते का?

हे मैदान पोलीस मुख्यालयाच्या आवारात आहे आणि कार्यक्रम शासकीय आहे, त्यामुळे थेट दाराशी जाऊन उभे राहू नये. शाळेला किंवा संस्थेला जायचे असल्यास काही आठवडे आधी आपल्या भागातील पोलीस ठाण्यात वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे लेखी विनंती द्यावी. परवानगी मिळाली नाही तरी आपल्या परिसरात कार्यक्रम करता येतो. त्यासाठी प्रश्न १६ पाहावा.

४. २१ ऑक्टोबर, २६ नोव्हेंबर, २ जानेवारी आणि ३० जानेवारी या तारखांमध्ये आमचा नेहमी गोंधळ होतो.

२१ ऑक्टोबर हा देशातील सर्व पोलीस हुतात्म्यांचा स्मृतिदिन आहे. २६ नोव्हेंबरला मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात मृत्यू पावलेले नागरिक आणि सुरक्षा कर्मचारी या सर्वांना अभिवादन केले जाते. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन असून १९६१ साली या दिवशी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते दलाला ध्वज प्रदान झाला होता. हा दिवस आनंदाचा असतो. त्यानिमित्तच्या सप्ताहात पोलीस ठाणी विद्यार्थ्यांसाठी खुली करून शस्त्रे, बिनतारी यंत्रणा, श्वानपथक यांची ओळख करून दिली जाते. ३० जानेवारी हा महात्मा गांधींच्या हत्येचा दिवस आहे. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता देशासाठी प्राण दिलेल्या सर्वांसाठी दोन मिनिटे स्तब्धता पाळतात, त्याचा पोलीस स्मृतिदिनाशी स्वतंत्र संबंध नाही.

लहान मुलांना पोलीस ठाणे दाखवायचे असेल तर जानेवारीतील सप्ताह निवडावा. स्मृतिदिनाच्या दिवशी शस्त्रप्रदर्शनाची मागणी करणे औचित्याला धरून नाही.

५. २६/११ च्या हुतात्मा पोलिसांचे स्मारक मरीन ड्राइव्हवर होते, ते आता दिसत नाही. ते कुठे गेले?

हे स्मारक पूर्वी मरीन ड्राइव्हवरील पोलीस जिमखान्यात होते आणि २६ नोव्हेंबरची मानवंदना तेथेच होत असे. सागरी किनारा रस्त्याच्या कामामुळे ते क्रॉफर्ड मार्केटसमोरील पोलीस आयुक्तालयाच्या आवारात नेण्यात आले. शासकीय अभिवादनाचा कार्यक्रम आता तेथे होतो. आयुक्तालयात प्रवेशासाठी सुरक्षा तपासणी असते, हे लक्षात घेऊनच नियोजन करावे.

कोणत्याही दिवशी, कोणाची परवानगी न घेता दोन फुले वाहायची असतील तर गिरगाव चौपाटीजवळील तुकाराम ओंबळे यांच्या पुतळ्यापाशी जावे. देशभरातील पोलीस हुतात्म्यांचे स्मारक पाहायचे असल्यास ते नवी दिल्लीत चाणक्यपुरी येथे आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचे लोकार्पण झाले. अखंड ग्रॅनाइटचे तीस फूट उंचीचे शिल्प आणि स्वातंत्र्यानंतरच्या पोलीस हुतात्म्यांची नावे कोरलेली भिंत तेथे आहे.

६. तुकाराम ओंबळे यांनी नेमके काय केले? प्रत्येक जण वेगळे सांगतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या कर्मचाऱ्यांनी गिरगाव चौपाटीपाशी नाकाबंदी लावली होती. दोन दहशतवादी एका स्कोडा गाडीतून येत असल्याचा संदेश बिनतारी यंत्रणेवरून आला होता. अडथळे पाहून गाडी काही अंतरावर थांबली, चालकाने ती वळवण्याचा प्रयत्न केला आणि ती दुभाजकाला अडकली. पुढे झालेल्या चकमकीत चालवणारा इस्माईल खान मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, गाडीबाहेर पडला तेव्हा ओंबळे त्याच्या अंगावर धावून गेले. त्यांच्या हाती फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही ती सोडली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला लाठ्यांनी झोडपून जिवंत पकडले.

जिवंत पकडणे याला पुढे फार महत्त्व आले. हल्ला कोठून आखला गेला, माणसे कशी तयार केली गेली, समुद्रमार्गे ती कशी आली, हे सारे न्यायालयापुढे मांडता आले ते आरोपी हाती असल्यामुळे. कसाबवर रीतसर खटला चालला, शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आली.

भाषणांत दोन चुका हमखास होतात. ओंबळे यांना कोणी ‘हवालदार’ म्हणते, कोणी ‘शिपाई’. ते सहायक पोलीस उपनिरीक्षक होते आणि पोलीस दलात येण्यापूर्वी त्यांनी लष्करात नोकरी केली होती. दुसरी चूक म्हणजे ते एकटेच तेथे होते असे चित्र रंगवणे. नाकाबंदीवर एक पूर्ण पथक होते आणि ओंबळे यांनी मिळवून दिलेले काही क्षण त्या पथकाने वाया जाऊ दिले नाहीत. सातारा जिल्ह्यातील केडंबे हे त्यांचे गाव. २०२१ साली संशोधकांनी कोळ्याच्या एका नव्या जातीला ‘आयसियस तुकारामी’ असे नाव त्यांच्या स्मरणार्थ दिले आहे. मुलांना ही माहिती फार आवडते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

७. २६/११ म्हटले की फलकावर तीन-चारच छायाचित्रे असतात. बाकीचे कोण होते?

हा प्रश्न कोणी विचारला की बरे वाटते, कारण बहुतेक फलक करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे या चौघांवर थांबतात. या चौघांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले आणि त्यांची छायाचित्रे सहज उपलब्ध आहेत, एवढेच त्याचे कारण असावे.

दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अपर पोलीस आयुक्त अशोक कामटे आणि खंडणीविरोधी पथकाचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक विजय साळसकर हे एकाच गाडीतून निघाले होते. कामा रुग्णालयालगत रंगभवनच्या गल्लीत त्यांच्यावर गोळीबार झाला. त्या गाडीत अंमलदारही होते. गंभीर जखमी झालेले अरुण जाधव मागच्या आसनाखालच्या जागेत, मृत सहकाऱ्यांच्या शरीरांखाली अडकून पडले होते. दहशतवादी तीच गाडी घेऊन पुढे गेले. त्यांनी ती सोडून दिल्यावर जाधव यांनी बिनतारी यंत्रणेवरून घडलेले कळवले.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे यांचा मृत्यू झाला. कामा रुग्णालयाच्या परिसरात उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि उपनिरीक्षक बापूसाहेब दुरगुडे मारले गेले. सहायक उपनिरीक्षक बाळासाहेब भोसले, तसेच अरुण चित्ते, जयवंत पाटील, योगेश पाटील, अंबादास पवार, विजय खांडेकर हे पोलीस अंमलदार, राज्य राखीव दलाचे राहुल शिंदे, रेल्वे सुरक्षा दलाचे एम. सी. चौधरी आणि गृहरक्षक दलाचे मुकेश जाधव यांनीही त्या हल्ल्यात प्राण गमावले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदर सिंग हे कारवाईत मृत्यू पावले. ते पोलीस दलाचे नव्हते, तरी मुंबईसाठी लढले म्हणून त्यांची नावे वगळू नयेत.

फलकावर जागा कमी असेल तर छायाचित्रे लहान करावीत, पण नावे कमी करू नयेत. आणि प्रत्येक नावापुढे पद व दल अवश्य लिहावे.

८. लोहमार्ग पोलीस, रेल्वे सुरक्षा दल आणि होमगार्ड हे मुंबई पोलिसांतच मोडतात ना?

मोडत नाहीत. लोकलने रोज प्रवास करणाऱ्यालाही हा फरक ठाऊक नसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. लोहमार्ग पोलीस हे महाराष्ट्र पोलिसांचाच भाग आहेत, परंतु मुंबईत त्यांचे स्वतंत्र आयुक्तालय आहे. स्थानकावर किंवा गाडीत घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद त्यांच्याकडे नोंदवतात. रेल्वे सुरक्षा दल केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि त्यांचा मुख्य विषय रेल्वेची मालमत्ता व प्रवाशांची सुरक्षा हा आहे. गृहरक्षक दलातील म्हणजेच होमगार्डमधील व्यक्ती स्वयंसेवक असतात, नोकरी-धंदा सांभाळून बंदोबस्ताला येतात आणि त्यांना मानधन मिळते. राज्य राखीव पोलीस दल हे राज्याचेच, पण गटांमध्ये विभागलेले सशस्त्र दल आहे.

अभिवादनाच्या मजकुरात ‘मुंबई पोलिसांचे शूर जवान’ असे सरसकट लिहिले की यांतील निम्मे लोक नकळत गळतात. ‘पोलीस व सुरक्षा दलांतील हुतात्मे’ असा शब्दप्रयोग करावा.

९. दहशतवादी हल्ल्यात नव्हे, तर साध्या ड्युटीवर मृत्यू आला असेल तर त्याला हौतात्म्य म्हणतात का?

‘साधी ड्युटी’ असे काही असते का, हाच मुळात प्रश्न आहे. २३ ऑगस्ट २०१६ रोजी खार येथे पेट्रोल पंपाजवळ वाहतूक शाखेचे विलास शिंदे यांनी एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवून कागदपत्रे मागितली. मुलाने मोठ्या भावाला बोलावले आणि त्याने शिंदे यांच्या डोक्यात प्रहार केला. ३१ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला. हेल्मेट आणि परवाना तपासणे यापेक्षा नित्याचे काम पोलिसाच्या दिनक्रमात दुसरे नसेल.

कोविडच्या साथीतही असेच घडले. शहर घरात बसलेले असताना नाकाबंदीवर, रुग्णालयांच्या दारांत आणि गावी निघालेल्या मजुरांच्या रांगांपुढे पोलीस उभे होते आणि राज्यात शेकडो पोलीस या आजाराने दगावले. राज्य शासनाने अशा कुटुंबांसाठी ५० लाख रुपयांचे सहाय्य जाहीर केले होते.

कोणत्या मृत्यूला कोणता शासकीय दर्जा आणि कोणते लाभ मिळतात, हे त्या-त्या प्रकरणातील आदेशानुसार ठरते. अपघात, आजारपण, आत्महत्या आणि हल्ल्यातील मृत्यू यांचे नियम एकसारखे नसतात. त्यामुळे एखाद्या कुटुंबाला ‘तुम्हाला अमुक इतकी रक्कम मिळेल’ असे परस्पर सांगू नये. त्यांना संबंधित घटक कार्यालयातील कल्याण शाखेकडे पाठवावे. तुमच्या कार्यक्रमात कोणाला आदरांजली वाहायची यावर मात्र अशा कोणत्याही आदेशाचे बंधन नाही.

१०. गडचिरोलीच्या हुतात्म्यांचे स्मरण मुंबईत का करायचे?

महाराष्ट्र पोलिसांनी अलीकडच्या दशकांत सर्वाधिक माणसे गमावलेल्या ठिकाणांत गडचिरोलीचा क्रमांक फार वर लागतो. एकट्या २००९ साली मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन घटनांत मिळून चाळीसहून अधिक पोलीस मारले गेले आणि हत्तीगोटा येथील मृतांत महिला पोलीसही होत्या. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक मृत्यू पावले. मुंबईत नियुक्तीवर असलेल्या कित्येक अधिकाऱ्यांनी सेवेची काही वर्षे तेथे काढलेली असतात. आपल्या पोलीस ठाण्यातील एखाद्या साहेबांना बोलावून त्यांना तेथील अनुभव सांगायला लावले तर तो कार्यक्रम फुलांच्या हारांपेक्षा अधिक लक्षात राहतो.

११. पोलिसांना कोणकोणती शौर्यपदके मिळतात?

अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र ही शांतताकाळातील शौर्याची सन्मानचिन्हे सैनिकांप्रमाणे पोलिसांना आणि नागरिकांनाही दिली जातात. खास पोलिसांसाठीच्या पदकांची २०२३ साली फेररचना झाली असून आता शौर्यासाठी राष्ट्रपती शौर्य पदक आणि शौर्य पदक अशी दोन, तर सेवेसाठी विशिष्ट सेवा आणि गुणवत्तापूर्ण सेवा अशी दोन पदके आहेत. त्यांची घोषणा प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास होते. महाराष्ट्रात पोलीस महासंचालकांचे सन्मानचिन्ह महाराष्ट्र दिनानिमित्त जाहीर होते. शौर्य आणि सेवा यांची पदके भाषणात एकमेकांत मिसळू नयेत.

१२. आमच्या शाळेत २६ नोव्हेंबरला संविधान दिनही असतो. दोन्ही कसे करावे?

एकाच परिपाठात दोन्ही नीट बसतात. आधी उद्देशिकेचे सामूहिक वाचन करावे, त्यानंतर हुतात्म्यांची नावे वाचून दोन मिनिटे स्तब्धता पाळावी आणि लगेच वर्गात जावे. स्तब्धतेनंतर नृत्य, गाणी किंवा बक्षीस वितरण ठेवू नये. हल्ल्याचे नाट्यीकरण तर मुळीच करू नये, कारण खोट्या बंदुका घेऊन नाचणारी आठवीची मुले पाहणाऱ्यांत त्या रात्री स्थानकावर असलेले कोणी पालक असू शकतात.

१३. मुलांना पोलिसांचा गणवेश घालून कार्यक्रमात उभे केले तर कायद्याची अडचण येते का?

लोकसेवक असल्याचे भासवून फसवण्याच्या हेतूने गणवेश वापरणे हा गुन्हा आहे. लहान मुलांच्या वेशभूषेत तसा हेतू नसतो, त्यामुळे अडचण येण्याचे कारण नाही. प्रौढ कार्यकर्त्यांनी मात्र तो मोह टाळावा. मिरवणुकीत खाकी घातलेला कार्यकर्ता गर्दीला दिशा देऊ लागला की लोक त्याला खरा पोलीस समजतात आणि प्रश्न तेथून सुरू होतात.

१४. आमच्या इमारतीत राहणाऱ्या पोलिसाचे निधन झाले. आम्ही पार्थिवावर तिरंगा ठेवला तर चालेल का?

नाही, स्वतःहून ठेवू नये. राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम १९७१ नुसार शासकीय इतमामातील अंत्यविधी आणि सशस्त्र व निमलष्करी दलांतील अंत्यविधी वगळता राष्ट्रध्वज आच्छादन म्हणून वापरणे अवमान ठरते. भावना कितीही प्रामाणिक असली तरी निवृत्तीनंतर वार्धक्याने निधन पावलेल्या हवालदारकाकांच्या पार्थिवावर शेजाऱ्यांनी झेंडा घालणे या नियमात बसत नाही.

शासकीय इतमामाचा निर्णय शासन घेते आणि ध्वज पोलीस दलच आणते. ध्वज ठेवताना केशरी पट्टा मस्तकाच्या बाजूला असतो. ध्वजसंहितेप्रमाणे तो चितेवर जाळता येत नाही किंवा दफनात खाली सोडता येत नाही, म्हणून अग्नी देण्यापूर्वी तो उतरवून घेतात. शेजाऱ्यांना करता येण्याजोगे बरेच असते. अंत्ययात्रेसाठी रस्ता मोकळा ठेवणे, बाहेरगावाहून येणाऱ्या नातेवाइकांची सोय पाहणे आणि मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांना आवरणे ही कामे कोणीतरी अंगावर घ्यावी लागतात.

१५. हुतात्मा चौकात पोलीस हुतात्म्यांना अभिवादन करावे का?

करू नये, आणि त्यामागचे कारण प्रत्येक मुंबईकराला माहीत असले पाहिजे. हुतात्मा चौकातील स्मारक संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील हुतात्म्यांचे आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे जमलेल्या आंदोलकांवर पोलिसांनीच गोळीबार केला होता आणि त्या चळवळीतील अनेकांनी पोलिसांच्या गोळ्यांनी प्राण गमावले. तारीखही फसवी आहे, कारण २१ ऑक्टोबर आणि २१ नोव्हेंबर यांत एका महिन्याचेच अंतर आहे. दोन्ही दिवस स्वतंत्रपणे पाळावेत.

असाच गोंधळ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील अमर जवान ज्योती स्मारकाबाबत होतो. ते १८५७ च्या उठावातील शिपायांचे आहे.

१६. आमच्या सोसायटीत कार्यक्रम करायचा आहे. हुतात्म्याच्या कुटुंबीयांना कसे बोलवावे?

पोलीस ठाण्यामार्फत विचारणा करावी, परस्पर पत्ता शोधून घरी जाऊ नये. नोव्हेंबर महिन्यात काही कुटुंबांना इतकी निमंत्रणे येतात की तोच प्रसंग दर दोन दिवसांनी नव्या मंचावर ऐकावा लागतो. नकार आला तर तो मनापासून स्वीकारावा आणि पुन्हा विचारू नये.

ती मंडळी आली, तर काही पथ्ये पाळावीत. त्यांना वेळेवर बोलवावे आणि वेळेवर मोकळे करावे. नगरसेवक येईपर्यंत वीरपत्नीला किंवा वडिलांना मंचावर ताटकळत ठेवण्याचा प्रकार आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. तो अशोभनीय आहे. ‘त्या रात्री तुम्हाला कसे कळले?’ हा प्रश्न विचारू नये. बोलायची इच्छा असेल तर ती मंडळी स्वतः बोलतील. सत्कार म्हणून मोठी चौकट, शाल आणि श्रीफळ देण्याची रीत आहे, परंतु अशा चौकटी ठेवायला त्यांच्या घरात जागा उरलेली नसते. मुलांच्या शिक्षणाविषयी किंवा नोकरीविषयी आपल्या सभासदांपैकी कोणी काही करू शकत असेल तर ते मंचावर जाहीर न करता बाजूला बोलावे.

रस्त्यावर मंडप किंवा ध्वनिक्षेपक लागणार असेल तर महापालिका आणि पोलीस यांची परवानगी इतर कार्यक्रमांप्रमाणेच घ्यावी लागते. विषय पोलिसांचा आहे म्हणून त्यात सूट नसते.

१७. पोलीस कुटुंबांना आर्थिक मदत करायची आहे. पैसे कुठे द्यावे?

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर देऊ नये. ‘भारत के वीर’ हे केंद्रीय गृह मंत्रालयाचे २०१७ पासूनचे संकेतस्थळ खात्रीचे आहे, मात्र ते केंद्रीय सशस्त्र दलांतील हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी सुरू झाले आहे. तेथे दिलेली रक्कम मुंबई पोलिसांतील कुटुंबाला मिळेल असे समजू नये. शहरातील कुटुंबांसाठी पोलीस आयुक्तालयाच्या कल्याण शाखेशी पत्रव्यवहार करून धनादेशाने मदत द्यावी आणि पावती घ्यावी. मंडळाने वर्गणीतून रक्कम गोळा केली असेल तर ताळेबंदात तिची स्वतंत्र नोंद ठेवावी.

१८. हुतात्म्यांचे ठीक आहे, पण आज ड्युटीवर असलेल्यांसाठी आम्ही काय करू शकतो?

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर किंवा लालबागच्या नाक्यावर एखाद्या महिला अंमलदाराकडे लक्ष देऊन पाहावे. सकाळी हजेरी देऊन ती उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर शेवटची मोठी मूर्ती विसर्जित होईपर्यंत तिची सुटका नसते. पाण्याची बाटली देणारे पुष्कळ भेटतात, पण ती पाणी पिणे टाळते, कारण जवळपास स्वच्छतागृह नसते. मंडळांनी आपल्या कार्यालयाचे किंवा जवळच्या इमारतीचे स्वच्छतागृह बंदोबस्तावरील महिलांना खुले करून तसा फलक दोरीजवळ लावावा. पुष्पचक्राच्या खर्चात हे वर्षभर करता येते. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि ३१ डिसेंबरच्या रात्री हीच अडचण असते.

व्यवस्थेच्या पातळीवरचे प्रश्नही स्मरणाचाच भाग आहेत. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांची सज्जता तपासली, आणि पुढे राज्याने फोर्स वन हे विशेष पथक उभे केले. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला. तो एका पोलीस कर्मचाऱ्याने मांडलेल्या आराखड्यावर आधारलेला होता. संरक्षक जॅकेटांचा दर्जा, रिक्त पदे, गळक्या पोलीस वसाहती यांविषयी लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारणारा नागरिक अभिवादनात कुठेही कमी पडत नाही.

१९. मला पोलिसांचा वाईट अनुभव आला आहे. तरीही मी अभिवादन करावे अशी अपेक्षा आहे का?

कोणावरही सक्ती नाही आणि सोसायटीच्या कार्यक्रमाला न येणाऱ्याची झाडाझडती घेऊ नये. तक्रार असेल तर ती दाबून ठेवण्याचेही कारण नाही. वरिष्ठांकडे लेखी तक्रार करता येते. त्याखेरीज सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर स्थापन झालेले राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण मुंबईत आहे. अभिवादनाच्या मंचावरून ‘पोलिसांवर टीका करणाऱ्यांना’ टोमणे मारण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. हुतात्म्यांच्या नावाचा असा वापर करू नये. कार्यक्रम कसा असावा याबाबतची पथ्ये प्रश्न १६ मध्ये आहेत.

२०. श्वानपथकातील कुत्र्यांचाही उल्लेख करावा, असे मुलांचे म्हणणे आहे. ते शोभेल का?

अवश्य शोभेल, फक्त माणसांच्या नावांच्या यादीत न मिसळता वेगळा करावा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या तपासात मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्राडोरने ३,३२९ किलो आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून काढण्यास मदत केली. नोव्हेंबर २००० मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याला इतमामाने निरोप देण्यात आला. २६/११ च्या वेळी बॉम्बशोधक पथकातील मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या चौघांनी काम केले. त्यांपैकी शेवटचा सीझर २०१६ साली गेला. मुलांना त्यांची चित्रे काढायला सांगावे. चित्रांखाली हस्तकाचे म्हणजे कुत्र्याला सांभाळणाऱ्या पोलिसाचे पद लिहायला जागा ठेवावी, कारण स्फोटकांच्या दिशेने कुत्र्याबरोबर तोही चालत जात असतो.